संमती होती का नव्हती, कोर्टात सिद्ध कशी करायची?

भडंगवाला_सांगली:
काल विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर बलात्काराच्या केसेसवरनं आमच्यात जोरात वाजलं. खोलीत दोघंच, ती म्हणते माझी तयारी नव्हती, तो म्हणतो होती, तिसरा कोण बघायला नाही. मग जजनं काय नाणं उडवायचं? मला तर वाटतं संशयाचा फायदा आरोपीलाच पाहिजे. पण आता म्हणे पुरुषानंच सिद्ध करायचं की संमती होती, हे काय बरोबर नाही राव.

कृष्णाकाठची:
अर्धवट ऐकून आलाय तुम्ही. पोलीस, जेलचा स्टाफ, हॉस्पिटलचा स्टाफ, म्हणजे ज्याच्या हातात ती असते असा माणूस, आणि त्यासारख्या ठराविक केसेसमध्येच तिनं कोर्टात 'संमती नव्हती' म्हटलं की कोर्ट तसं धरून चालतं. बाकी सगळीकडं सिद्ध सरकारी पक्षानंच करायचं. आणि तो नियम आला का? तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातली मथुरा नावाच्या मुलीची केस आठवा, पोलीस ठाण्यातला प्रकार, १९७८ ला सुप्रीम कोर्टानं पोलिसांना सोडलं, तिच्या अंगावर जखमा नाहीत हे धरून. त्यावर देशभर ओरड झाली तेव्हा कुठं १९८३ ला कायदा बदलला. २०१३ नंतर तर सरळ लिहिलंय की झटापट केली नाही एवढ्यावरून संमती धरायची नाही.

अजिंक्यतारा_वॉकर:
ते ठीक हो ताई, पण लग्नाचं आमिष हा काय प्रकार? चार वर्षं जोडीनं कास बघायचं, महाबळेश्वर करायचं, घरच्यांनी जात काढली की मोडलं, की गुन्हा. नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय न्याय संहितेत तर ६९ कलम वेगळंच केलंय, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. आमच्या साताऱ्यात पोरं घाबरून आहेत (घाबरायला पाहिजे तीही घाबरलीत, ते सोडा).

कृष्णाकाठची:
दादा, शब्द मोडणं वेगळं आणि पहिल्या दिवसापासून फसवायचंच ठरवलेलं असणं वेगळं. २०१९ ला महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हाच फरक सांगून गुन्हा रद्द केला होता.

नक्कलवाला_मिरज:
मी बचावाच्या वकिलांकडं कारकून होतो, म्हणून बोलतो. घोळ खोलीत नसतो, जबाबात असतो. पोरगी सांगते, "मला काय सुचंना, मी गप्प पडून राहिले." पोलीस ठाण्यात जबाब लिहून घेणारा रायटर लिहितो, "मी आरडाओरडा केला, परंतु आजूबाजूला कोणी नसल्याने मदत मिळाली नाही." त्याच्या डोक्यात ते वाक्य तयारच असतं, केस मजबूत होईल म्हणून. दोन वर्षांनी उलटतपासणी. ओरडलात का? नाही. मग जबाबात कसं? संपलं. खटला इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआड, मी बाहेर बाकड्यावर, आमचे वकील साहेब हसतच बाहेर आले. आता जबाब मोबाईलवर रेकॉर्ड करता येतो, पण 'येतो' म्हणजे करतातच असं नाही.

भडंगवाला_सांगली:
झटापटीचं पटलं बाबा. पण तुमच्या केसमधला तो खरंच निर्दोष असेल तर? रायटरची चूक म्हणून त्याला लटकवायचं का?

कृष्णाकाठची:
आणि दोषी असेल तर? तिनं परत कुणाकडं जायचं?

नक्कलवाला_मिरज:
दोन्ही प्रश्न मला नका विचारू. निकालाची नक्कल मीच काढलेली, सोळा पानं. त्यात आरडाओरड्याचं वाक्य तीनदा आलंय, गप्प पडून राहिले ते एकदा.