गरम झालं की उजवा मॅग्नेटो नांगी टाकतो, १९७४चं सेसना १७२एम

पंखवेडा:
नमस्कार मंडळी, जरा लांबण लावतोय पण सगळं एकदाच सांगितलेलं बरं. माझ्याकडे १९७४चं १७२एम आहे, ओ-३२०-ई२डी इंजिन, १५० हॉर्सपॉवर, ओव्हरहॉलनंतर १४८० तास झालेत. दोन वर्षांपूर्वी घेतलं, मी तिसरा मालक. आत्तापर्यंत काही त्रास नव्हता. गेल्या महिन्यापासून असं होतंय की सकाळी थंड इंजिनावर रनअप (उडायच्या आधीची जमिनीवरची इंजिन-चाचणी) केला तर दोन्ही मॅग (ठिणगी देणारे मॅग्नेटो, प्रत्येक सिलेंडरला दोन प्लग, एक डाव्या मॅगचा, एक उजव्याचा) व्यवस्थित, नुसत्या डाव्यावर चालवलं तर ६० आरपीएमचा ड्रॉप (फेरे तेवढे कमी), उजव्यावर ७०. पाऊण तास उडून उतरलो, इंधन भरलं, वीसेक मिनिटांनी परत रनअप केला तर १७०० आरपीएमवर चावी उजव्यावर टाकल्याबरोबर सुई २००ने खाली आली आणि विमान नाकापासून शेपटीपर्यंत थरथरायला लागलं, वरचा कंपास काचेत नाचताना दिसत होता. बोथवर (दोन्ही मॅग चालू) आणलं की परत शांत. पुस्तकात १२५च्या वर नको आणि दोन्हीतला फरक ५०च्या वर नको असं स्पष्ट लिहिलंय त्यामुळे तिथेच बंद केलं, उडालो नाही.

मिक्श्चर लीन (इंधन कमी, हवा जास्त) करून मिनिटभर १८००-२०००वर जाळून बघितलं, फरक नाही. आठही प्लग काढून साफ केले, परत बसवले, दोन दिवस बरं वाटलं आणि मग पुन्हा तेच. स्टार्ट एकदम छान होतं, हवेत काहीच जाणवत नाही. आमचा मेकॅनिक म्हणतो जास्त डोकं लावू नका, दोन्ही मॅग्नेटो नवीन टाका आणि हार्नेस (मॅगपासून प्लगपर्यंतच्या वायरींचा जुडगा) पण. मला खर्चाचं वावडं नाही पण काय बिघडलंय ते न कळता पार्ट बदलत बसायला मन घेत नाही. कुणाला असा अनुभव आहे का? एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकतोय असं असू शकतं का?

जुनं_इंजिन:
पहिल्यांदा, उडाला नाहीत हे फार चांगलं केलंत.

व्हॉल्व्हचं डोक्यातून काढून टाका. व्हॉल्व्ह अडकत असता तर तो सिलेंडर दोन्ही मॅगवर मेला असता, बोथवर सुद्धा मिसिंग झालं असतं. आणि अडकणारा व्हॉल्व्ह बहुतेक वेळा सकाळी थंड इंजिनावर खोकतो आणि गरम झाल्यावर सुटतो, तुमचं बरोबर उलटं आहे. बिघाड एकाच मॅगवर दिसतोय म्हणजे तो त्या मॅगपासून त्याच्या चार प्लगपर्यंतच्या रस्त्यातच कुठेतरी आहे. कार्ब्युरेटर, इनटेकची गळती, प्रायमर, हे सगळं दोन्ही मॅगना सारखंच भोवतं त्यामुळे तेही बाजूला ठेवा.

आता नुसता आकडा बघू नका, ड्रॉप कसा पडतो ते बघा. सुई गुळगुळीत खाली जाते आणि इंजिन शांतच राहतं तर टायमिंग मागे सरकलंय, म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय असं समजा. सुई खाली जाते आणि आचके बसतात तर एखादा सिलेंडर पेटत नाहीये. तुमचे आचकेच आहेत. मग पुढचा प्रश्न हा की एकच सिलेंडर मेलाय की सगळेच अधूनमधून चुकतायत. एकच असेल तर प्लग किंवा त्याची लीड (वायर). सगळे असतील तर मॅगच्या पोटात.

हे शोधायला वरचं काउलिंग (इंजिनाचं झाकण) काढा, विमान नीट बांधा आणि चाकांना अडकण लावा, इंजिन चांगलं गरम होऊ द्या. मग फक्त उजव्या मॅगवर १२००च्या आसपास अर्धा-एक मिनिट चालवा आणि बोथवर परत न आणता तिथूनच मिक्श्चर ओढून बंद करा. लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही एक्झॉस्ट पाइप मोजा, प्रत्येकावर फ्लँजपासून सारख्याच अंतरावर. जो मेलाय तो बाकीच्यांपेक्षा स्पष्ट थंड लागतो. चारही सिलेंडरचा इंजिन मॉनिटर असेल तर काउलिंग काढायचीही गरज नाही, एका मॅगवर टाकलं की सगळ्यांचा ईजीटी (एक्झॉस्टचं तापमान) थोडा वर जायला पाहिजे, जो खाली कोसळतो तो दोषी.

निळीवाट:
दादा एक विचारते, प्लग साफ केले म्हणजे नक्की काय केलं? रेझिस्टन्स मोजला का? कारण दिसायला चकाचक असलेला प्लग आतून संपलेला असू शकतो. मीटरचं एक टोक प्लगच्या वरच्या खोबणीत तळाशी आणि दुसरं मधल्या इलेक्ट्रोडला लावायचं, ५००० ओहमच्या वर गेला की मी तो प्लग ठेवतच नाही. मला एकदा एक असा मिळाला होता की मीटर काही दाखवायलाच तयार नव्हतं आणि तोच प्लग टेस्टरवर मात्र बऱ्यापैकी ठिणगी देत होता, त्यामुळे टेस्टरवर पास झाला एवढ्यावर विश्वास ठेवू नका.

आणि खालच्या प्लगमध्ये शिसं बघा. राखाडी-तपकिरी बारीक मणी इलेक्ट्रोडच्या भोवती खोल बसलेले असतात, वाळूच्या फवाऱ्याने ते निघत नाहीत उलट पोर्सेलिन झिजतं, टोकदार हत्याराने किंवा व्हायब्रेटरने एकेक मणी काढावा लागतो. हे इंजिन मुळात ८०/८७ इंधनासाठी केलेलं, कॉम्प्रेशन ७:१. त्या इंधनात लिटरला जास्तीत जास्त ०.१४ ग्रॅम शिसं असायचं, आता मिळणाऱ्या १००एलएल विमान-इंधनात ही मर्यादा ०.५६ आहे, म्हणजे चौपट. त्यामुळे जमिनीवर टॅक्सी करताना मिक्श्चर चांगलं मागे ओढून ठेवायची सवय लावाच, इतकं मागे की थ्रॉटल पुढे केला तर इंजिन अडखळलं पाहिजे, म्हणजे चुकून तसंच टेकऑफला जाणार नाही.

बसवताना दर वेळी नवीन तांब्याचा वॉशर, अँटीसीझ अगदी थोडं आणि पहिला आटा सोडून, टॉर्क रेंचने. खालचे वर आणि वरचे खाली. हातातून पडलेला प्लग सरळ कचऱ्यात, कितीही नवा असला तरी, आतलं पोर्सेलिन तडकलंय का ते बाहेरून कळत नाही.

टेलव्हील:
वरचे दोघं बरोबर सांगतायत. मी फक्त जिवाचं सांगतो. आता तुम्ही काउलिंग उघडून, गरम इंजिनाजवळ, थर्मामीटर घेऊन पंख्याच्या (प्रोपेलरच्या) आसपास फिरणार आहात. चावी ऑफ म्हणजे मॅग बंद हे गृहीत धरू नका. मॅगला बंद करायला पी-लीड नावाच्या वायरमधून त्याला अर्थिंग द्यावं लागतं, ती वायर तुटली की चावी खिशात असली तरी मॅग चालूच असतो आणि गरम इंजिनात पंखा थोडासा हलवला तरी पेटू शकतं. बरेच जण ड्रॉप शून्य आला की खूश होतात. शून्य ड्रॉप म्हणजे मॅग तंदुरुस्त नाही, तो बंदच होत नाहीये. ड्रॉप यायलाच पाहिजे.

अजून एक, रनअपला चावी फिरवताना चुकून ऑफवर गेली तर घाबरून परत बोथवर टाकू नका. तेवढ्या वेळात न जळलेलं इंधन मफलरमध्ये साठतं आणि परत ठिणगी मिळाली की तिथेच फुटतं, जुना मफलर उसवतो, आणि उसवलेला मफलर म्हणजे केबिन हीटमधून कार्बन मोनॉक्साइड. मिक्श्चर ओढा, थांबू द्या, परत स्टार्ट करा.

जुनं_इंजिन:
आणि हो, लॉगबुक काढा. मॅग्नेटो शेवटचे कधी उघडले होते? दर ५०० तासांनी उघडून आतून तपासायचे असतात. हे वार्षिक तपासणीत आपोआप होतं असं बऱ्याच जणांना वाटतं, पण तिथे फक्त बाहेरून टायमिंग बघतात, मॅग उघडत नाहीत. स्टार्ट छान होतं म्हणालात त्याचं कारण स्टार्टला तुमचा डावा मॅग काम करतो, इम्पल्स कपलिंग (स्टार्टला मॅगला झटका देऊन ठिणगी पाडणारी स्प्रिंग) त्यालाच आहे. त्यामुळे चांगलं स्टार्ट होतं यावरून उजव्याबद्दल काहीच कळत नाही.

पंखवेडा:
सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारी दिवसभर हेच केलं. आधी लॉगबुक. तीन वह्या, अक्षर तीन माणसांचं, पण मॅग उघडल्याची नोंद एकच सापडली, ओव्हरहॉलनंतर ६१० तासांवर. म्हणजे ८७० तास कुणी आत डोकावलंच नाही, आणि त्यातले शेवटचे १९० तास माझे स्वतःचे आहेत. घेताना कॉम्प्रेशन बघितलं, बोरोस्कोप घातला, गंज बघितला, हे मात्र बघायचं सुचलं नाही.

मग प्लग मोजले. सात ठीक, तीन नंबरच्या सिलेंडरचा एक प्लग तब्बल १८००० ओहम! हार्नेसवर बोट ठेवून लीड शोधली तर ती उजव्याच मॅगची. वाटलं सापडलं. नवा टाकला, इंजिन गरम केलं, उजव्यावर टाकलं तर २००चा ड्रॉप १६० झाला आणि आचके तसेच. मग सांगितल्याप्रमाणे उजव्यावर चालवून बंद केलं आणि पाइप मोजले. चारही जवळजवळ सारखे. एकही थंड नाही. तिथे बसूनच लक्षात आलं की दोन वेगवेगळे रोग एकमेकांवर चढून बसले होते, प्लगचा वेगळा आणि मॅगचा वेगळा, आणि मी एकच उत्तर शोधत होतो. म्हणूनच साफसफाई केल्यावर दोन दिवस बरं वाटलं असणार.

आता मेकॅनिकशी बोलून उजवा मॅग काढून वर्कशॉपला पाठवतोय. हे काम आणि सही त्याचीच, मी फक्त बॅटरी धरायला.

निळीवाट:
एकच विनंती, दोन्ही एकदम पाठवू नका. एकाच माणसाने एकाच दिवशी एकच चूक दोन्ही मॅगमध्ये केली तर तुमच्याकडे हवेत काहीच उरत नाही. एक करून घ्या, धावपट्टीच्या जवळपास राहून दहाएक तास उडा, मग दुसरा.

पंखवेडा:
तीन आठवड्यांनी लिहितोय, वर्कशॉपने उघडलेले भाग मला परत दिले म्हणून स्वतः बघायला मिळाले. कॉइलवर केसाएवढी बारीक चीर, थंड असताना मीटरवर एकदम बरोबर दाखवते, हीटगनने गरम केली की आकडा इकडेतिकडे पळायला लागतो. पाऊण तासाच्या उड्डाणानंतर इंजिन बंद केलं की काउलिंगखाली हवा फिरत नाही आणि पहिली वीसेक मिनिटं उष्णता अजून वर चढते, मी रनअप करायचो तो नेमका तेव्हाच.

डिस्ट्रिब्युटर ब्लॉकच्या (ठिणगी चार प्लगना वाटून देणाऱ्या भागाच्या) आतल्या बाजूला एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे काळी वेडीवाकडी रेघ होती, पेन्सिलने ओढल्यासारखी. ठिणगीने स्वतःसाठी चोरवाट जाळून काढली होती. बोट फिरवलं तर पुसली जात नाही, नखाला लागते. शिवाय पॉइंट्सचा (उघडले की ठिणगी पडते त्या संपर्कांचा) कॅमवर घासणारा तुकडा झिजून गॅप कमी झाला होता त्यामुळे ठिणगी उशिरा पडत होती, काढायच्या आधी मेकॅनिकने मोजलं तेव्हा पिस्टन वर पोहोचायच्या आधी २५ अंशांऐवजी २१वर होती. म्हणजे आचके कॉइल आणि ब्लॉकमुळे आणि वरचा थोडा गुळगुळीत ड्रॉप टायमिंगमुळे.

कॉइल, ब्लॉक, पॉइंट्स, कंडेन्सर, बेअरिंग, सील नवीन, हार्नेस तपासला तो चांगला निघाला म्हणून तोच ठेवला. परत बसवून २५वर टायमिंग लावलं, पी-लीड जोडल्यावर मॅग बंद होतोय का ते आयडलवर आधी तपासलं. आता थंड इंजिनावर उजवा ६५, डावा ६०. उडून येऊन, वीस मिनिटं मुद्दाम ताटकळत थांबून परत रनअप केला तर उजवा ७०, आणि कंपास जागच्या जागी.

सात तास झालेत, सगळे विमानतळाच्या डोक्यावर घिरट्या घालत. लॉगबुकच्या पुठ्ठ्याच्या आत पेनाने मोठ्या आकड्यात लिहून ठेवलंय उजवा मॅग १४८०, पुढचा १९८०. अजून तीन तास झाले की डावा काढतो, त्याचेही आता ८७७ तास झालेत. उघडल्यावर आत काय दिसतं ते इथेच टाकतो.