मदत हवी: जँगोमध्ये लहान फोटो दिसतात, मोठे ४०३ देतात

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयातल्या जुन्या हस्तलिखित नोंदवह्यांची पानं मोबाइलवर टिपून साठवायची आणि ती कोणालाही ब्राउझरमध्ये वाचता यावीत, यासाठी छोटं ॲप केलंय. जँगो २.२ (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), उबुंटू, पुढे एनजिनएक्स (ब्राउझरला फाइली देणारा वेब सर्व्हर), मागे गुनिकॉर्न (जँगोचा कोड चालवणारा सर्व्हर). मॉडेलमध्ये (डेटाबेसच्या तक्त्याची रचना) इमेजफील्ड आहे, पिलो ही फोटो हाताळणारी लायब्ररी बसवलीय, फॉर्ममधून फाइल जावी म्हणून मल्टिपार्ट एन्कटाइप दिलाय.

फोटो चढतो, डेटाबेसमध्ये नोंद होते, फाइलही मीडिया फोल्डरमध्ये सापडते. पण साइटवर काही फोटो दिसतात आणि काहींचा पत्ता थेट उघडला तर ४०३ (परवानगी नाही) येतो. लॅपटॉपवर रनसर्व्हरने (जँगोचा चाचणीपुरता सर्व्हर) चालवलं की सगळे व्यवस्थित दिसतात.

एनजिनएक्सची अपलोड मर्यादा मुळात १ एमबी असते, ती वाढवलेली आहे. शिवाय अडचण तिथे असती तर ४१३ (फाइल फार मोठी) आला असता. फोल्डरला ७५५ परवानगी आहे (मालकाला सगळं, बाकीच्यांना फक्त वाचणं आणि आत जाणं). एरर लॉगमध्ये 'परमिशन डिनाइड' एवढंच. न दिसणारे फोटो सगळे ३-४ एमबीचे आहेत, हे मात्र नक्की. आकाराचा आणि परवानगीचा काय संबंध?

सरसकट ७७७ (सगळ्यांना सगळं करायची परवानगी) देऊन टाका असं एकाने सुचवलं. ते मला करायचं नाही. काही वह्यांचा कागद हात लावताच तुटतो, ती पानं पुन्हा टिपता येणार नाहीत. फाइलींवर कोणीही लिहू शकेल अशी सोय नको.

उत्तर:
७७७ नको, हे बरोबरच. मोठ्या फाइलींवर एलएस -एल (परवानग्या दाखवणारी कमांड) चालवून पाहा, ६०० म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी परवानगी (-rw-------) दिसेल. जँगो २.५ एमबीपर्यंतची फाइल मेमरीत धरतो आणि मग नेहमीसारखी डिस्कवर लिहितो, म्हणून तिला सहसा ६४४ मिळतं (मालकाला वाचणं-लिहिणं, बाकीच्यांना फक्त वाचणं). त्याहून मोठी फाइल आधी टेम्प फोल्डरमध्ये उतरते. पायथन टेम्प फाइल फक्त मालकाला वाचता येईल अशी बनवतो, आणि जँगो तीच उचलून मीडियात हलवतो. परवानगी तशीच राहते. गुनिकॉर्न आणि एनजिनएक्स वेगवेगळ्या युजरखाली चालत असतील तर एनजिनएक्सला ती वाचता येत नाही. लॅपटॉपवर लिहिणारा आणि वाचणारा युजर एकच, म्हणून तिथे काही कळत नाही.

सेटिंग्जमध्ये फाइल_अपलोड_परमिशन्स अष्टमान पद्धतीत ६४४ (0o644) करा. जँगो ३.० पासून ती मुळातच तशी आहे. २.२ चा सपोर्ट एप्रिल २०२२ मध्ये संपलाय, तेव्हा अपग्रेडचंही मनावर घ्याच.

धागाकर्ता:
६००च होतं! सेटिंग बदलली, गुनिकॉर्न रीस्टार्ट केला, आधीच्या फाइलींना फाइंड (फाइली शोधणारी) आणि सीएचमॉड (परवानगी बदलणारी) या कमांडने ६४४ दिलं. सगळी पानं दिसताहेत, मनापासून आभार.

आता आणखी एक. पानाचा फोटो बदलला की जुनी फाइल डिस्कवर तशीच राहते. आम्हाला ती हवीच आहे, पण कुठली फाइल कुठल्या पानाची हे डेटाबेसमधून पुसलं जातं. जुन्या आवृत्त्यांसाठी वेगळं मॉडेल करावं का? कोणी असं केलं असेल तर रचना सांगा.