मदत हवी आहे: एचपीव्ही लसीवर मेडिकलच्या मुलांचा सर्व्हे, खरं कारण कसं काढून घेऊ?

नमस्कार मंडळी, मी एमबीबीएस थर्ड इयरला आहे, पीएसएमच्या (सामाजिक वैद्यकशास्त्र) मॅडमकडे छोटा प्रोजेक्ट घेतलाय, आमच्याच कॉलेजातल्या मुलामुलींना एचपीव्ही या विषाणूविरुद्धच्या लसीबद्दल किती माहितीये आणि काय वाटतं यावर. एथिक्स कमिटीकडे द्यायच्या आधी फॉर्म ओळखीच्यांकडून भरून घेतला आणि तिथेच अडकलेय.

माहितीचे प्रश्न सगळ्यांना येतात. या विषाणूच्या टाइप १६ आणि १८ मुळे गर्भाशयमुखाचे साधारण ७० टक्के कॅन्सर, ९ ते १४ वयात दोन डोस, १५ नंतर तीन, लस घेतली तरी पुढे तपासणी करायचीच, सगळं पाठ. पण "तू स्वतः घेतलीस का" आलं की "नाही", आणि कारण काय तर "वेळ मिळाला नाही".

माझी रूममेट व्हायवात (तोंडी परीक्षेत) यावर धडाधड बोलते. तिला रात्री सहज विचारलं तर म्हणाली, अगं आई म्हणते लग्नाआधी कसली ती लस, कुणाला कळलं तर काय वाटेल. आता लैंगिक संबंध सुरू व्हायच्या आधी घेतली तरच लसीचा जास्त फायदा, हे तिला माहितीये, पण आईसमोर ते वाक्य तोंडातून निघत नाही. फॉर्मवर मात्र तिनेही "वेळ नाही"वरच टिक केलं होतं!

मुलांचं म्हणणं, हे मुलींचं आहे. अरे पण घशाचा, लिंगाचा, गुदद्वाराचा कॅन्सरही एचपीव्हीने होतो, आणि आपल्या पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक ही एचपीव्ही लस मुलग्यांनाही देता येते.

एका सिनियरने २०१० चं खम्मम-वडोदऱ्याचं प्रकरण काढलं, तिथल्या एका प्रकल्पात एचपीव्ही लस दिलेल्या काही मुली दगावल्या होत्या. त्या मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही, पण संमती नीट घेतली नव्हती हे खरंय आणि त्याबद्दलचा राग मला रास्तच वाटतो. म्हणून "लसीवर विश्वास आहे का" आणि "लस देणाऱ्यांवर विश्वास आहे का" हे वेगळे प्रश्न ठेवावेत असं वाटतंय. त्याच गोंधळात दुसऱ्या एका अभ्यासातले डोसही थांबले, त्यात आपल्या बार्शीचंही सेंटर होतं, आणि ज्यांना एकच डोस मिळाला त्या मुलींकडे पुढे कितीतरी वर्षं लक्ष ठेवल्यावर एका डोसनेही चांगलं संरक्षण मिळतं हे दिसलं. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये ९ ते २० वयासाठी एका डोसचा पर्याय दिला त्यामागे असा पुरावा आहे. हे आमच्या वर्गात फार कुणाला माहीत नाही.

तर ज्यांनी असे सर्व्हे केलेत त्यांनी प्लीज सांगा, घरच्यांची लाज हे कारण पर्यायात सरळ लिहू का मोकळी जागा सोडू? बॅच, वय, मुलगा-मुलगी, होस्टेल एवढं सगळं विचारलं तर कोण ते ओळखू येतं, मग यातलं काय गाळू? आणि इथल्या आयांनो, मुलीने तुमच्याकडे हा विषय काढला तर तिने सुरुवात कशी केलेली तुम्हाला आवडेल? रूममेट दिवाळीत घरी जातेय, तिलाही सांगायचंय.