सभेत बोलण्याची भीती: आपले अनुभव लिहावेत

लंडनमध्ये शिकत असताना गांधीजी इंग्लंडमधीलच व्हेंटनर या गावातील एका सभेत लिहून आणलेले भाषण वाचायला उभे राहिले, परंतु डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग कापू लागले आणि ते भाषण शेवटी दुसऱ्यांना वाचावे लागले, असे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. सभाधीटपणा उपजतच असतो ही समजूत इतकी घट्ट रुजली आहे की भिणारी माणसे याविषयी सहसा बोलत नाहीत. भीती नेमकी केव्हा दाटून येते आणि आपण तिला कसे हाताळता, हे कृपया तपशिलाने लिहावे.

ग्रामपंचायत सदस्या, सातारा जिल्हा
महाराष्ट्रात 2011 पासून पंचायतींमधील निम्म्या जागा महिलांसाठी राखीव झाल्यामुळे माझ्यासारख्या अनेकजणी निवडून आल्या, पण ग्रामसभेत उभे राहून बोलणे हे निवडून येण्याहून अवघड होते. समोर सासरे, चुलत दीर आणि शाळेतले गुरुजी बसलेले असत. माइक हातात घेतला की कर्ण्यातून किंचित उशिरा येणारा स्वतःचाच आवाज परका वाटे आणि पुढचे वाक्य सुचत नसे. पाणीपट्टीची थकबाकी, टाकीच्या दुरुस्तीचा खर्च असे आकडे मी वहीत ठळक अक्षरांत लिहू लागले आणि वही टेबलावरच ठेवू लागले, कारण हातातला कागद थरथरताना दिसला की धीर आणखी खचतो. आदल्या संध्याकाळी वस्तीतल्या बायकांशी त्याच विषयावर बोलून घेण्याचा फायदा सर्वांत जास्त झाला. मी काय मांडणार हे ठाऊक असलेले चार चेहरे समोर असले की नजर कुठे ठेवावी हा प्रश्न उरत नाही.

माध्यमिक शिक्षिका, नांदेड
वक्तृत्व स्पर्धेसाठी मुलांकडून अख्खे भाषण घोकून घेण्याची आपली पद्धत मला चुकीची वाटते, कारण एक शब्द निसटला की मूल तिथेच थिजते. मी आता फक्त पहिले आणि शेवटचे वाक्य पाठ करून घेते. मधले मुद्दे मुले स्वतःच्या शब्दांत मांडतात.

मानसोपचारतज्ज्ञ, पुणे
धडधड, घशाला कोरड आणि गार पडलेले हात हा ॲड्रेनलिनचा, म्हणजे भीतीच्या वेळी शरीरात स्रवणाऱ्या संप्रेरकाचा, परिणाम असून बहुतेकांच्या बाबतीत तो सुरुवातीलाच तीव्र असतो आणि बोलत राहिल्यावर ओसरतो. आपली घालमेल श्रोत्यांना स्पष्ट दिसते असे वक्त्याला वाटते, प्रत्यक्षात ती बरीच कमी दिसते. सॅवित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांच्या 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ही गोष्ट आधी समजावून सांगितलेल्यांची भाषणे अधिक चांगली झाली. काहीजण मित्राच्या सांगण्यावरून हृदयाची धडधड कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतात, तसे कृपया करू नये; दमा असलेल्यांना ती धोकादायक ठरू शकते. भीतीमुळे नोकरीतील बढती किंवा तोंडी परीक्षा टाळली जात असेल, तर उपचार अवश्य घ्यावेत.

अभियंता, ठाणे
मी बोलताना अडखळतो, हे सादरीकरणाच्या सुरुवातीलाच सांगून टाकतो. लपवण्याची धडपड थांबल्यावर अडखळणे संपले नाही, परंतु प्रश्नोत्तरे आता मी स्वतःच घेतो.