बाल्कनीतला हायब्रिड टोमॅटो: फुलं गळतायत, पानांवर कडी, एक रोप माना टाकून

सातवा_मजला (घोडबंदर रोड, ठाणे):
अर्का रक्षक या हायब्रिड टोमॅटोची चार रोपं, १२ × १२ इंची ग्रो बॅगेत, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लावलेली. मिश्रणात निम्मं कोकोपीट, उरलेली लाल माती आणि गांडूळखत. बाल्कनी पश्चिमेची, झड थेट आत येते. रोपं चार फुटांवर गेलीत, पानं गडद हिरवी. पण फूल उमललं की दोन दिवसांत देठाच्या गाठीपासून गळतं. खालच्या पानांवर तपकिरी ठिपके आणि त्यात एकात एक कडी. चौथं रोप काल ठीक होतं, आज पानं न पिवळी पडताच मान टाकली. आठवड्याला मूठभर शेणखत आणि पंधरवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) चालू आहे. पाकिटावर तीन रोगांना प्रतिकारक म्हणून लिहिलंय. मग हे काय? फवारू काय?

चिखलपाय (ऐरोली):
फवारणी नंतर, आधी चौथ्या रोपाचा निकाल लावा. बुंध्याजवळचा तीन इंचांचा तुकडा धारदार चाकूने कापा. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या आणि तुकड्याचं टोक पाण्यात बुडेल असा तो अजिबात न हलवता धरा. चार-पाच मिनिटांत टोकातून दुधी धागे खाली उतरू लागले तर ती जिवाणूजन्य मर. तसं असेल तर रोप मातीसकट पिशवीत बांधून टाकून द्या, कंपोस्टच्या डब्यात नाही. ती माती टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांना पुन्हा वापरायची नाही, आणि चाकू स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या रोपाला लावायचा नाही.

धागे दिसले नाहीत तर मुळं बघा. तपकिरी, मऊ, चिमटीत ओढली की साल सुटून आत दोऱ्यासारखी शीर उरते? मग मुळं कुजलीत. मला हीच शक्यता जास्त वाटते. अर्का रक्षकचा प्रतिकार आहे तो लीफ कर्लचा (पानं आकसवणारा) विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिघांना. पाण्यात उभ्या मुळांना कुठल्याही हायब्रिडमध्ये औषध नाही. निम्मं कोकोपीट मे महिन्याला ठीक, जुलैत तो ओला स्पंज होतो.

आणि प्रतिकारक म्हणजे रोग शिवणारच नाही असं नव्हे. करपा येतो, पण सावकाश चढतो. तुमची कडी करप्याचीच.

सातवा_मजला:
पेला करून पाहिला. दहा मिनिटं धरला, पाणी नितळ. मुळं तुम्ही म्हणता तशीच, साल हातात येते. बाकी तिघांचं काय करू?

चिखलपाय:
बॅगा दोन-दोन विटांवर उचला आणि खालची ताटली काढून टाका. तळापासून एक इंचावर चारी बाजूंनी पेन्सिलीएवढी सहा-आठ भोकं पाडा. तळाची भोकं फरशीला चिकटली की बंदच होतात, म्हणून बाजूची. बोट दोन पेरं खाली घालून ओल लागली तर पाणी नाही, मग चार दिवस होवोत. पुढच्या वेळी चार भाग लाल माती, दोन गांडूळखत, दोन कोकोपीट, दोन विटांचे बारीक तुकडे किंवा भाताची तुसं.

गच्चीबाग (खारघर):
फुलांचं वेगळं आहे. टोमॅटोचं फूल स्वतःच्याच परागावर धरतं. पराग कोरडा हवा, म्हणजे तो हलल्यावर झडतो. आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर गेली की त्याचे गोळे होतात आणि ते आतच चिकटून बसतात. रात्रीचं तापमान १५ ते २० अंश मिळालं तर फळ छान धरतं, आपल्याकडे जुलैत रात्रीही २५. त्यात ऊन नाही. हायब्रिड असो वा गावठी, इथे सगळे सारखे.

शिवाय तुमचं झाड माजलंय. गडद पानं, चार फूट उंची आणि फळ शून्य, हे नत्राचं लक्षण. शेणखत आणि १९:१९:१९ दोन्ही बंद. दहा दिवसांनी ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं खत), लिटरला २ ग्रॅम, मुळांशी, तेही माती वाळली तरच. पाऊस उघडला की सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान फुलाच्या घोसामागचा देठ टिचकीने हलवा. बॅटरीचा जुना टूथब्रश मागून दोन सेकंद लावला तर आणखी बरं, भुंग्याच्या गुणगुणण्याचं काम तो करतो. तरी दहात एखाद-दोन धरतील, जास्त आशा धरू नका.

बोर्डोवाला (ठाणे पूर्व):
करप्यासाठी: जमिनीपासून फूटभर उंचीपर्यंतची सगळी पानं काढा. बगलफूट (पानाच्या बगलेतून निघणारी फांदी) दोन इंचांची असतानाच हाताने मोडा. हे कोरड्या दिवशी, ओल्या पानांत हात घातला की रोग आपणच पसरवतो. मातीवर सुकी पानं पसरा, शिंतोडे उडायचे थांबतात.

मग ०.५ टक्का बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक मिश्रण. अर्ध्या लिटर पाण्यात ५ ग्रॅम मोरचूद, दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये ५ ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत. चुना गाळून घ्या आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता. घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस झाला तर चुना कमी पडलाय, थोडी चुन्याची निवळी आणखी घाला, नाहीतर पानं भाजतात. त्याच दिवशी संपवा. फवारल्यावर तीन-चार तास कोरडे मिळायला हवेत. पानांची खालची बाजू विसरू नका. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. (खालच्या मजल्यावरच्या दोऱ्यांवर कपडे नाहीत ना बघा, निळे डाग निघत नाहीत.) ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मातीत दिला असेल तर बोर्डोचं पाणी मातीत जाऊ देऊ नका, मरतो तो.

गच्चीबाग:
बोर्डोवाल्यांशी सहमत, पण तीन रोपांसाठी एवढा घाट मी घालणार नाही. रोपं जगवा आणि सप्टेंबरची तयारी करा. हायब्रिडच्या फळातलं बी धरू नका, पुढच्या पिढीत गुण फुटतात, एक रोप एक तऱ्हा. त्याऐवजी ऑगस्टअखेर सगळ्यात निरोगी रोपाची सहा इंची बगलफूट घ्या. खालची पानं काढून पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतात आणि रोप तंतोतंत तेच मिळतं. पानं आकसलेली किंवा ठिपके असलेल्या रोपाची फूट घेऊ नका, रोगही सोबत येतो.

पाकिटात बी उरलं असेल तर गणपतीला पेरा, घटस्थापनेला रोप बॅगेत. मधे २६-२७ दिवस पडतात, रोप हलवायला नेमकं तेच वय. बॅग १५ × १५ घ्या. पश्चिमेच्या बाल्कनीत ऊन दुपारी दीड-दोननंतरच, टोमॅटोला सहा तास लागतात. सोसायटी गच्ची देत असेल तर आत्ताच विचारून ठेवा.

सातवा_मजला:
गच्चीचं सेक्रेटरींना विचारतो. विटा आणल्या, भोकं पाडली. एका बॅगेतून अर्धा मग काळं पाणी निघालं.