मदत हवी आहे: १८३ धावा तेव्हा पुरल्या कशा?

मंडळी, पुतण्याशी वाद पेटलाय. तो म्हणतो, १९८३च्या क्रिकेट विश्वचषकाच्या फायनलला आपण १८३ला ऑलआउट होऊनही जिंकलो, म्हणजे समोरचेच ढिसाळ! (समोर वेस्ट इंडिजचे लॉइड, रिचर्ड्स होते हो.) तेव्हा डाव ६० षटकांचा असायचा, इथपर्यंत सांगितलं. १९७५ला गावस्कर १७४ चेंडूंत नाबाद ३६ होते, हे मात्र मुद्दाम लपवलं. तो उलट २०२२चे इंग्लंडचे ४९८ तोंडावर फेकतो, तेही ५० षटकांत.

२०११ ते २०२५ पूर्ण डावभर दोन्ही टोकांना वेगळा नवा चेंडू असायचा, चेंडू जुना होईना, रिव्हर्स स्विंग (जुना चेंडू हवेत उलट्या दिशेने वळणं) आटला, एवढं मला कळतं. पण मधल्या षटकांत खेळपट्टीभोवतीच्या आखलेल्या वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक, जाडजूड बॅटी, जवळ आलेल्या सीमारेषा, यातल्या नेमक्या कशाने धावा इतक्या फुगल्या? रविवारी तो जेवायला येतोय. त्याआधी कुणी नीट समजावेल का?