एआय मोडी वाचणार असेल, तर मी शिकू का?

पर्वतीकर: पेशवे दफ्तरात, म्हणजे पेशवाईतल्या जुन्या सरकारी कागदांत, अभ्यास करायचाय, म्हणून मोडी या जुन्या मराठी लिपीच्या वर्गाला नाव घातलंय. दादा म्हणतो, फोटो टाक, एआय वाचून देईल. मग एवढे कष्ट कशाला?

जुनीदप्तरं: शिकाच! मोडीत आधी रेघ ओढतात, मग त्याखाली अक्षरं. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं. शब्द कुठे तोडायचा ते संदर्भावरून ठरतं. एआयनं चुकीचं वाचलं तर तुम्हाला कळणार कसं? मी रोज एक पान हातानं उतरवते. कारकुनाचं वळण तसंच डोळ्यांत बसतं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद मिळवले, म्हणून ते आज वाचायला मिळतात.

कोथरूड_कोडर: एआयला शिकवायलाही माणसानं अचूक वाचलेली पानं लागतात.

पर्वतीकर: येते मग वर्गाला. बोरू आणू?

जुनीदप्तरं: बोरू नंतर. आधी साध्या पेनानं बाराखडी गिरवा.